ग्रँड कॅनियनमध्ये उतरताना: कोणी कुठपर्यंत जावं

डोंगर चढायची सवय असलेल्या माणसाला अमेरिकेतल्या ॲरिझोनामधलं ग्रँड कॅनियन पहिल्याच दिवशी फसवतं. गडावर जाताना आधी चढ असतो. दम संपला तर तिथूनच मागे फिरावं, उतार आपोआप पायथ्याला आणून सोडतो. इथे सगळं उलटं आहे. वाट सुरू होते तीच २,१०० मीटर उंचीच्या काठावरून, सकाळच्या गारव्यात, ताज्या पायांनी, आणि सुरुवातीला नुसता उतार. तासाभरात माणूस कुठल्या कुठे पोचतो. परतीला मात्र तेवढाच चढ थकलेल्या पायांनी, चढत्या उन्हात आणि विरळ हवेत चढायचा असतो. म्हणून इथे वाट निवडताना प्रश्न एकच विचारायचा: आपण किती चढून वर येऊ शकतो? खाली किती उतरू शकतो, हा प्रश्न इथे कामाचाच नाही.

हे सगळं साउथ रिमबद्दल, म्हणजे दक्षिण काठाबद्दल आहे. बहुतेक लोक तिथेच जातात, आणि तो वर्षभर उघडा असतो. वाटेवरच्या पाट्या मैल आणि फुटांत असतात, त्यामुळे जागांची नावं मैलांतच ठेवली आहेत. अंतरं किलोमीटरमध्ये दिली आहेत, आणि वेगळं सांगितलं नसेल तिथे ती जाऊन-येऊन धरलेली आहेत.

आधी भिंत ओळखा

काठापासून कोलोरॅडो नदीपर्यंतची खोली साधारण १,४०० मीटर आहे, पण उतार एकसारखा नाही. कठीण दगडाचे थर सरळसोट कडे होऊन उभे आहेत आणि मऊ थर तिरके ढळलेले आहेत. वरून खाली येताना आधी कैबाब चुनखडकाचा मळकट पांढरा थर लागतो. त्याखाली टोरोवीप, मग कोकोनिनोचा फिकट, जवळजवळ पांढरा कडा. हा जुन्या वाळवंटातल्या टेकड्यांचा दगड झालेला आहे. जवळ जाऊन पाहिलं तर वाऱ्याने रचलेले तिरके पदर स्पष्ट दिसतात. त्याच्या खाली एकदम लाल मातीसारखा हर्मिटचा उतार, मग सुपाईच्या लाल पायऱ्या आणि त्यांच्याखाली रेडवॉल. हा रेडवॉल दीडशे मीटरहून उंच, सलग, लाल कडा आहे. आतून हा चुनखडक राखाडी असतो. वरच्या थरांतलं लोह पावसाबरोबर ओघळून त्याच्यावर लाल रंग चढला आहे.

थरांची नावं विसरलात तरी चालेल, पण ही लाल भिंत ओळखायला शिका. पहिल्यांदा उतरणाऱ्या धडधाकट माणसाने एका दिवसात रेडवॉलच्या माथ्यापर्यंतच जावं. भिंत उतरून खाली गेलात की परतीला आधी ती भिंत आणि मग तिच्या वरचं सगळं चढायचं असतं, आणि बहुतेकांची गाडी तिथेच अडते. दोन्ही मुख्य वाटांवर हा माथा ओळखणं सोपं आहे. ब्राइट एंजलवर तो तीन मैल रेस्टहाउसजवळ येतो, साउथ कैबाबवर स्केलेटन पॉइंटजवळ.

खाली उतरायचंच नसेल तर

गुडघे दुखणारे आईबाबा, चाकाची खुर्ची, बाबागाडी, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, काहीही असो, काठावरची वाट सगळ्यांना घेऊन जाते. ती कमी दर्जाची आहे असं मनात आणू नका. दरीची रुंदी आणि खोली काठावरून जितकी कळते तितकी आत उतरून कळत नाही.

रिम ट्रेल सुमारे २१ किलोमीटर लांब आहे, पूर्वेला साउथ कैबाबच्या सुरुवातीपासून पश्चिमेला हर्मिट्स रेस्टपर्यंत. सगळी चालायची गरज नाही. जागोजागी फुकट शटल बस थांबते, त्यामुळे एक थांबा चालायचा आणि पुढे बसमध्ये बसायचं असं करता येतं.

सगळ्यात सोपा तुकडा व्हिजिटर सेंटरजवळच्या मेदर पॉइंटपासून यावापाय भूशास्त्र संग्रहालयापर्यंतचा आहे. एका दिशेने किलोमीटरभराहून थोडा जास्त, पक्का आणि रुंद. त्याच्या पुढे यावापायपासून काठावरच्या ग्रँड कॅनियन व्हिलेज या गावाकडे जाणारी वाट म्हणजे ‘ट्रेल ऑफ टाइम’. यातला प्रत्येक मीटर दहा लाख वर्षांचा आहे. जमिनीत पितळी खुणा बसवल्या आहेत आणि बाजूला दरीतल्याच थरांचे दगड मांडले आहेत, हात लावून पाहण्यासाठी. यावापायकडून निघालात तर आजपासून मागे भूतकाळात जाता. काठावरचा कैबाब दगड २७ कोटी वर्षांचा आहे, तो २७० मीटरवर भेटतो. दरीच्या तळचा विष्णू शिस्ट सुमारे १७५ कोटी वर्षांचा, त्याच्यासाठी पावणेदोन किलोमीटर चालावं लागतं. हो, त्या खडकाचं नाव विष्णूच आहे. लहान मुलांना घेऊन जायला याहून चांगली वाट साउथ रिमवर नाही, कारण त्यांना पावलं मोजायला काहीतरी कारण मिळतं.

गावाच्या पश्चिमेला ब्राइट एंजलच्या तोंडाशी वाट अंगावर येणारी चढण घेते. चाकाच्या खुर्चीला ती झेपत नाही. पुढचा मधला टप्पा कच्चा आणि अरुंद आहे, काही ठिकाणी काठाला अगदी लागून. मात्र मॉन्युमेंट क्रीक व्हिस्टापासून हर्मिट्स रेस्टपर्यंतचे साडेचार किलोमीटर पुन्हा पक्के आहेत. म्हणून खुर्ची असेल तर मधला टप्पा बसने ओलांडा आणि मॉन्युमेंट क्रीकला उतरा. बसमध्ये साधारण ७६ सेंटिमीटर रुंद आणि १२२ सेंटिमीटर लांब इतकीच खुर्ची मावते. मोठी बॅटरीवर चालणारी खुर्ची असेल तर आधी मोजून घ्या. ती मावत नसेल तर व्हिजिटर सेंटरमध्ये परवाना मागा. त्यावर खासगी गाड्यांना बंद असलेल्या हर्मिट रोडवर तुमची गाडी नेता येते. हर्मिट रोड १ मार्च ते ३० नोव्हेंबर खासगी गाड्यांना बंद असतो.

गर्दी नको पण चढही नको, अशांसाठी शोशोनी पॉइंट. डेझर्ट व्ह्यू ड्राइव्हवरून पाइनच्या झाडीतून जाणारा सपाट कच्चा रस्ता आहे, सव्वातीन किलोमीटरच्या आसपास. शेवटच्या टोकाला कठडा नाही, मुलांचा हात धरून ठेवा. ही जागा कधी कधी लग्नकार्यासाठी राखलेली असते, तेव्हा दुसरा बेत तयार असू द्या.

ब्राइट एंजल: पहिल्यांदा उतरणाऱ्यांची वाट

आत उतरायचंच असेल आणि घरात वेगवेगळ्या ताकदीची माणसं असतील, तर डोळे झाकून ब्राइट एंजल निवडा. वाट रुंद आहे, वरच्या टप्प्यात सकाळी बरीच सावली असते, आणि वाटेत पाणी, संडास आणि आणीबाणीचे फोन आहेत. शिवाय ती टप्प्याटप्प्याने तोडलेली आहे, त्यामुळे प्रत्येकाला आपापल्या ठिकाणी वळता येतं.

पहिला टप्पा दुसऱ्या बोगद्यापर्यंत. वाट दगडात कोरलेल्या दोन छोट्या बोगद्यांतून जाते. दुसरा बोगदा गाठून परत येणं म्हणजे पावणेतीन किलोमीटर. सात-आठ वर्षांचं मूल, चालायची सवय असलेले साठीचे आजोबा, कालच समुद्रसपाटीवरून विमानाने आलेली माणसं, यांनी इथून वळावं. दोन हजार मीटर उंचीवर पहिल्या दिवशी धाप लागतेच, तब्येत उत्तम असली तरी.

दुसरा टप्पा दीड मैल रेस्टहाउस: ४.८ किलोमीटर, ३४० मीटर चढ-उतार, दोन ते चार तास. इथे एक गैरसमज दूर करायला हवा. रेस्टहाउस म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर खोली, खाट, खानसामा येतो. इथे ते फक्त दगडी खांबांवरचं छप्पर आहे. सावलीत बसायचं, पाणी भरायचं, पुढे निघायचं.

तिसरा टप्पा तीन मैल रेस्टहाउस: ९.६ किलोमीटर, ६४५ मीटर, चार ते सहा तास. नियमित ट्रेक करणाऱ्याने पहिल्या भेटीत इथेच थांबावं. रेडवॉलचा माथा हाच. खाली डोकावलं की भिंतीवरून नागमोडी उतरत गेलेली वाट दिसते, तिला जेकब्ज लॅडर म्हणतात. खालून हाका मारल्यासारखी हिरवी झाडं दिसतात, आणि त्यांना भुलूनच लोक पुढे जातात.

ती झाडं म्हणजे हवासुपाई गार्डन्स. झऱ्यावरची कॉटनवुडची गर्द राई, १४.५ किलोमीटर, सव्वानऊशे मीटर, सहा ते नऊ तास. ज्याने आधीच एका दिवसात हजारभर मीटर चढ केला आहे त्यानेच जावं, आणि उन्हाळा सोडून. जुन्या नकाशांवर आणि पुस्तकांत या जागेचं नाव ‘इंडियन गार्डन’ असं सापडेल. हवासुपाई लोकांची ही वस्तीची आणि शेतीची जागा होती, तिथून त्यांना हुसकावण्यात आलं. २०२२ मध्ये नाव बदलून त्यांचं नाव तिला देण्यात आलं. आणखी एक घोळ टाळा: निळ्या-हिरव्या धबधब्यांचं हवासू ते हे नव्हे. ते धबधबे उद्यानाबाहेर, हवासुपाई जमातीच्या स्वतःच्या भूमीवर आहेत. तिथे जमातीकडून आगाऊ आरक्षण लागतं आणि एका दिवसात जाऊन यायला परवानगी नाही.

गार्डन्सपासून पुढे सपाट वाटेने प्लॅटो पॉइंट गाठता येतो, जिथून नदी थेट खाली दिसते. एकूण साडेएकोणीस किलोमीटर होतात. ही वाट सपाट असली तरी तिच्यावर झाडाची सावली कुठेच नाही, आणि दिवसाच्या सगळ्यात वाईट वेळी माणूस तिथे असतो. वसंत किंवा शरद ऋतूत, पहाटे निघून, फक्त सराईतांनी.

पाण्याबद्दल ही गोष्ट लक्षात ठेवा. दीड आणि तीन मैलांच्या रेस्टहाउसवर नळ साधारण मध्य मे ते मध्य ऑक्टोबर चालतात. हे पाणी उत्तर बाजूच्या रोअरिंग स्प्रिंग्जमधून दरी ओलांडून येणाऱ्या जुन्या पाइपलाइनचं आहे, आणि ती वारंवार फुटते. नळ उन्हाळ्यात असतो म्हणून आज असेलच असं धरू नका. निघायच्या सकाळी राष्ट्रीय उद्यान सेवेच्या संकेतस्थळावर किंवा वाटेच्या तोंडाशी असलेल्या फलकावर आजची स्थिती वाचा, आणि तरीही परत यायला पुरेल इतकं पाणी पाठीवर ठेवा.

साउथ कैबाब: दृश्य जास्त, सवलत काहीच नाही

ब्राइट एंजल घळीच्या कुशीतून जाते, तर साउथ कैबाब डोंगराच्या सोंडेवरून. त्यामुळे दोन्ही बाजूंना दरी उघडी पडते आणि पहिल्या किलोमीटरलाच डोळे फिटतात. किंमत म्हणजे वाटेवर कुठेही पाणी नाही, सावली जवळजवळ नाही, आणि उतार जास्त तीव्र आहे. सुरुवातीला नळ आहे, तिथे बाटल्या गळ्यापर्यंत भरून घ्या.

इथे खासगी गाडी नेता येत नाही, शटल बसनेच यावं लागतं. पहाटे लवकर सुटणारी हायकर्स एक्स्प्रेस सगळ्यात उपयोगी. तिच्या वेळा महिन्यागणिक बदलतात, आदल्या संध्याकाळी वेळापत्रक पाहून ठेवा.

ऊ-आ पॉइंट २.९ किलोमीटर, एक-दोन तासांचं काम. सूर्योदयाला इथे असावं. सीडर रिज ४.८ किलोमीटर, ३४० मीटर. तांबडी मोकळी माची, मोडकी जुनिपरची झाडं, संडासही आहे. उन्हाळ्यात दिवसाभराच्या चालणाऱ्याने याच्या खाली जाऊ नये. आमचंही मत तेच, आणि उद्यानाचे रेंजरही हेच सांगतात. स्केलेटन पॉइंट ९.७ किलोमीटर, ६२० मीटर, थंडीत किंवा सौम्य हवेत, सराव असलेल्यांसाठी. तिथे नदीचं पहिलं दर्शन होतं आणि तिथूनच मागे वळायचं.

ग्रँडव्ह्यू आणि हर्मिट या वाटा पहिल्या भेटीसाठी नाहीत. दोन्हींची नियमित डागडुजी होत नाही, पायाखाली सुटे दगड असतात, पाणी प्यायचं तर झऱ्याचं गाळून-शुद्ध करून. ग्रँडव्ह्यू एकोणिसाव्या शतकातल्या तांब्याच्या खाणीसाठी काढलेली वाट आहे. काही ठिकाणी लाकडी ओंडके आणि फरसबंदीवर ती कड्याला टेकवलेली आहे. बर्फात ती सरळ धोक्याची. कोकोनिनो सॅडलपर्यंत साडेतीन किलोमीटर, तिथपर्यंत जाऊन पाय काय म्हणतात ते पाहा. उंचीची भीती वाटणाऱ्याने तेवढंही करू नये.

नदीपर्यंत एका दिवसात?

करू नका. साउथ कैबाबने खाली ११ किलोमीटर आणि ब्राइट एंजलने वर १५, मिळून २६ किलोमीटर, आणि शेवटी १,३०० मीटरहून जास्त चढ. कागदावर आकडे जमणारे वाटतात. पण परतीचा चढ सुरू होतो तेव्हा दुपार झालेली असते, आणि तळाची हवा काठापेक्षा साधारण ११ अंश सेल्सियसने गरम असते. काठावर तीस अंश असताना नदीजवळ चाळिशी ओलांडलेली असते, तीही सावलीत.

नदी पाहायची असेल तर रात्र खाली काढा. तंबूत राहायला बॅककंट्री परवाना लागतो. दरीच्या तळाशी असलेल्या फँटम रँच या मुक्कामाच्या खोल्यांसाठी वर्षभराहून आधी सोडत निघते. दिवसाभराच्या चालण्याला मात्र वेगळा परवाना लागत नाही.

वेळेचा हिशेब

खाली जायला जितका वेळ, त्याच्या दुप्पट वर यायला. म्हणजे हातात असलेल्या वेळेचे तीन भाग करा, एक भाग उतरायला, दोन चढायला. समजा जुलै आहे. दहा ते चार या वेळात उन्हात चढायचं नाही, हा इथला मुख्य नियम. तुम्ही सहाला निघालात आणि दहाला वर हवं आहे. हातात चार तास. त्यांचा तिसरा हिस्सा एक तास वीस मिनिटं. घड्याळात सात वाजून वीस मिनिटं झाली की जिथे असाल तिथून मागे फिरायचं, समोर रेस्टहाउसचं छप्पर दिसत असलं तरी. मोबाइलवर गजर लावून ठेवा. दृश्य समोर असताना घड्याळ बघायचं कुणाला सुचत नाही.

गटात सगळ्यात हळू चालणाऱ्याच्या वेगाने हा हिशेब करा. तरुण पुढे, वडीलधारे मागे असं पांगू नका. दोघांच्या मधे वळणं येतात, हाक पोचत नाही, आणि मोबाइलला काठाखाली रेंज धरता येत नाही. वेगवेगळ्या ठिकाणी वळायचं असेल तर वर असतानाच ठरवा: कोण कुठून वळणार, वर कुठे भेटणार, किती वाजता.

पाणी आणि मीठ

उन्हाळ्यात चालताना तासाला अर्धा ते एक लिटर. चार तासांच्या वाटेला माणशी तीन लिटर घ्या, चौथा उन्हाळ्यात. थोडं थोडं सतत प्या, एकदम गटागट नको.

कोरड्या हवेत घाम आला हे कळतच नाही, कारण तो अंगावर टिकत नाही. शर्ट कोरडा असतो आणि पाठीच्या पट्ट्याखाली पांढरी मिठाची रेघ उमटलेली असते. ती रेघ दिसली की समजा, शरीरातून पाणी आणि मीठ दोन्ही बरंच गेलं आहे. लघवीचा रंग गडद झाला किंवा चार तास लागलीच नाही, तर पाणी कमी पडतंय.

याच्या उलट चूकही घडते, आणि ती जास्त फसवी आहे. भीतीपोटी माणूस लिटरांवर लिटर नुसतं पाणी पितो, खात काहीच नाही. रक्तातलं सोडियम पातळ होतं. मळमळ, उलटी, डोकेदुखी, गोंधळलेपण, बोटं सुजणं अशी लक्षणं दिसतात. लघवी मात्र पाण्यासारखी स्वच्छ आणि वारंवार. हा माणूस उन्हाने बेजार झाला आहे असं समजून त्याला आणखी पाणी पाजलं, तर त्याची अवस्था बिघडते. म्हणून कुणी चक्कर आली म्हणालं की पहिला प्रश्न विचारा: शेवटचं खाल्लंस कधी, काय खाल्लंस? खारे दाणे, चिवडा, खारी बिस्किटं दर अर्ध्या-पाऊण तासाला मूठभर. भूक नसली तरी. मीठ-साखरेची पावडर बरोबर असावी, पण ती खाण्याच्या जागी घेऊ नका, खाण्याबरोबर घ्या.

उन्हाने कोणी खचला तर

फिकट चेहरा, थकवा, मळमळ, अंगात गोळे, पण माणूस नीट बोलतोय. सावलीत बसवा, बूट सैल करा, डोकं, मान, शर्ट भिजवा, खारं खायला आणि थोडं थोडं पाणी द्या. अर्धा तास, तास, लागेल तितका वेळ. ऊन उतरेपर्यंत तिथेच थांबणं हाही उत्तम निर्णय असतो. टॉर्च बरोबर असेल तर संध्याकाळनंतर चढता येतं, म्हणून दिवसाच्या चालण्यालाही हेडटॉर्च पिशवीत हवाच.

बोलणं असंबद्ध झालं, तोल जातोय, माणूस चिडतोय किंवा ओळखत नाहीये, तर तो उष्माघात. त्वचा कोरडी असो की घामेजलेली, त्यावरून ठरवू नका. जितकं पाणी असेल तितकं अंगावर ओता, वारा घाला आणि लगेच मदत बोलवा. ब्राइट एंजलवर दोन्ही रेस्टहाउसवर आणि गार्डन्समध्ये आणीबाणीचे फोन आहेत. हेलिकॉप्टर येईलच असं मात्र धरू नका. वादळात आणि फार तापलेल्या हवेत ते उडवता येत नाही.

उन्हाळ्यात सुती शर्ट घाला आणि प्रत्येक नळावर तो भिजवा. वाळेपर्यंत तो अंगावर कूलरसारखं काम करतो. थंडीत नेमकं उलट: ओला सुती कपडा अंगातली ऊब ओढून घेतो, तेव्हा लोकर किंवा कृत्रिम धाग्याचे थर.

पाय

उतारावर प्रत्येक पावलाला बोटं बुटाच्या पुढच्या भागावर आदळतात. तीन मैलांनंतर अंगठ्याचं नख काळं पडतं ते त्यामुळेच. दोन दिवस आधी नखं कापा, बूट अर्धा माप सैल घ्या, आणि उतरायच्या आधी घोट्याजवळची नाडी घट्ट आवळा, म्हणजे टाच मागे टेकून राहते. चढताना तीच सैल करा. नवे कोरे बूट इथे पहिल्यांदा घालू नका. टाचेला किंवा बोटाला चुरचुरलं की लगेच थांबा आणि चिकटपट्टी लावा. फोड आल्यावर लावून फारसा उपयोग नाही. दोन काठ्या असतील तर उतारावर गुडघ्यांचा बराच भार हातांवर येतो.

सराव करायचा तर जिने. पाठीवर पाच किलो घेऊन, वर चढण्याइतकंच खाली उतरणंही. मांडीचे स्नायू दुसऱ्या दिवशी दुखतात ते उतरण्याने, चढण्याने नव्हे.

बर्फ आणि वीज

डिसेंबर ते मार्च वरचा टप्पा बर्फाने गुळगुळीत होतो. ब्राइट एंजलचा वरचा भाग सावलीत असल्यामुळे तिथला बर्फ वितळत नाही, पायांनी दाबून काच होतो. बुटांवर चढवायचे लोखंडी दात असलेले पट्टे बरोबर घ्या. खाली कोरडी वाट लागली की काढा, परतीला पुन्हा चढवा.

पावसाळी वादळं जुलैपासून सप्टेंबरपर्यंत, बहुधा दुपारी. गडगडाट ऐकू आला की काठावरची टोकं, कठडे आणि एकटी झाडं सोडून बसमध्ये किंवा इमारतीत जा. दरीत असाल तर ओढ्याच्या पात्रात थांबू नका. डोक्यावर निळं आकाश असतानाही दूर कुठेतरी पडलेला पाऊस लोंढा होऊन येतो. ॲरिझोनातल्याच अँटिलोप कॅनियनमध्ये १२ ऑगस्ट १९९७ रोजी असा लोंढा आला आणि ११ पर्यटक दगावले.

खेचरं, खारी आणि बाकीचं

वाटेवर खेचरांचा तांडा आला की डोंगराच्या बाजूला, कड्यापासून लांब उभं राहा. दरीच्या कडेला उभं राहिलात तर खेचराचा एक धक्का पुरे. हाकणारा सांगेल तसं करा, हालचाल नको, पिशवी सांभाळा, आणि शेवटचं खेचर १५ मीटर पुढे जाईपर्यंत जागचं हलू नका. चढणाऱ्या माणसाला आधी वाट द्या, त्याची लय तुटली की पुन्हा धरायला त्रास होतो. खारी गोड दिसतात, पण खायला दिलं की कडाडून चावतात, आणि त्यांना खाऊ घालणं बेकायदा आहे.

उत्तर काठ दक्षिणेपेक्षा तीनशे मीटर उंच आहे, थंडीत बंद असतो. जुलै २०२५ मध्ये तिथे मोठा वणवा लागून ग्रँड कॅनियन लॉज जळून गेलं. तिथून उतरायचा बेत असेल तर वाटा आणि सोयी चालू आहेत का, हे ठरवायच्या आधी उद्यानाकडून कळून घ्या.

वर पोचल्यावर लगेच गाडी चालवायला बसू नका. काही खा, खारं आणि गरम, बूट काढून अर्धा तास पाय मोकळे सोडा. घामाने भिजलेला शर्ट बदला. सूर्य गेला की काठावर झपाट्याने थंडी पडते, उन्हाळ्यातसुद्धा. साउथ कैबाबहून वर आला असाल तर गाडी तिथे नसते, तेव्हा शेवटच्या बसची वेळ सकाळीच टिपून ठेवलेली असू द्या.